दीड मिलिमीटर

कार्डिफच्या रस्त्यांखालचं पाणी मी रात्री ऐकतो.
एक वाजता, दोन वाजता, रहदारी निजली की
लोखंडी काठीचं एक टोक झडपेवर, दुसरं कानाला.
धड पाइपातून पाणी गप्प जातं,
फुटक्यातून सुसकारत.
बारा वर्षांत कान फारसा चुकला नाही.
फक्त आमच्याच घरात, माझ्या दंडावर डोकं टाकून झोपणाऱ्या पोराच्या छातीत
तीन वर्षं काय सुसकारत होतं
ते मला ऐकू आलं नाही.

ते ऐकलं खोकल्याचं औषध लिहून देणाऱ्या बदली डॉक्टरीणबाईंनी.
स्टेथोस्कोप ठेवला, उचलला,
पुन्हा ठेवला.
त्या 'पुन्हा'ला मी ओळखतो.
काठी दुसऱ्यांदा ठेवली की सकाळी रस्ता खणावा लागतो.

मग सेव्हर्नवरचा पूल, खाली ओहोटीचा चकाकता गाळ,
पलीकडे ब्रिस्टल, बंद दारामागचे सहा तास.

आज सातवा आठवडा.
अंधारी खोली. आयर्लिस नावाची बाई
जेलची बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करते.
ओजसच्या छातीवर जांभळ्या दोऱ्याएवढा व्रण.
त्याच्या कडेकडेनं ती प्रोब नेते,
निजलेल्या माणसाला ओलांडू नये, तशी.
केतकी पडद्याकडे बघत नाही.
तिच्या मांडीवर त्याचा एक बूट,
ती त्याचा पट्टा चर्रकन उघडते,
लावते,
उघडते.

राखाडी धुक्यात मुठीएवढं घर,
आत दोन दारं आपटताहेत.
"पिस्गोडिन!" ओजस ओरडतो.
नर्सरीत शिकलेला वेल्श शब्द. मासा.
खरंच की, झडपेचं ते मासोळीसारखं तोंड, उघडमीट, उघडमीट.
आयर्लिस पहिल्यांदाच हसते,
मोजायचं मात्र थांबत नाही.

मग ती रंग लावते.
मी मनात मिरजेच्या शाळेत, तक्त्यासमोर उभा:
लाल ते शुद्ध, निळं ते अशुद्ध.
"छे, तसं नाही," ती म्हणते,
"लाल म्हणजे आपल्याकडे येणारं,
निळं म्हणजे आपल्यापासून जाणारं.
रक्त तेच."

केतकीचा पट्टा मध्येच थांबला.

मग चित्र गोठवलं. ठिगळाच्या कडेला एक ठिणगी.
फुलीपासून फुलीपर्यंत रेघ ओढली.
पुसली. पुन्हा ओढली.
मी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही,
असा इथला नियम. जेल पुसायचा कागद तिनं
गरजेपेक्षा जास्त वेळा दुमडला.

सांगितलं डॉक्टर प्रॉथेरोंनी, उभ्याउभ्याच:
ठिगळ छान बसलंय.
फुगलेला कप्पा आकसून जागेवर येतोय.
कडेला दीड मिलिमीटर गळती आहे,
तिला आपण हात लावायचा नाही.

नाही?
मी गळतीवर निळ्या खडूनं फुली मारतो, साहेब.
माझा बाप नगरपालिकेचा चावीवाला,
पहाटे चारला झडप खोलताना
थेंब वाया गेला तरी स्वतःला शिवी घालायचा.
हे बोललो नाही.
म्हणालो, "किती दिवस?"
"बहुतेक आपोआप बुजेल. नाही बुजली तरी
त्याला पळताना कळणार नाही."
ओजस तेव्हा कॉरिडॉरमध्ये पळतच होता,
एका पायात बूट.

त्या रात्री कॅथेड्रल रोडवर दोन फुल्या मारल्या.
पाचला घरी. त्याच्या अंथरुणाशी वाकलो,
कान छातीपासून वीतभर.
तिथंच थांबलो. मग कंबर सरळ केली.
"ऐकलंस?" अंधारातून केतकी.
"नाही."
"बरं केलंस."

स्वयंपाकघरात आमचा नळ ठिबकत होता,
त्याचा वॉशर सहा महिने माझ्या कोटाच्या खिशात.
चहाचं आधण ठेवलं.
ठिबकू दिला.